माझ्या रंगाची हिरोइन

मेकअप रूममध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, सीनची उजळणी करायची असेल. आत गेले तर हिरोइन खांद्यांवर टॉवेल टाकून आरशासमोर बसलेली, आणि मेकअपदादा तीन डब्या उघडून उभे. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ताई, जरा हात पुढे करा." मी केला. त्यांनी माझ्या हाताला लागून तिचा हात ठेवला आणि पहिल्या डबीतला रंग तिला लावून पाहिला. तो फिका पडला. दुसरा जरा लालसर वाटला. तिसरा जुळला. "हाच," दिग्दर्शक दारातून म्हणाले, "अगदी हाच. थँक यू हं, ताई." माझं काम झालं होतं. मी हात खाली घेतला.

हे चिडून सांगतेय, आणि चिडूनच सांगणार आहे. शांतपणे सांगायचा प्रयत्न एकदोनदा केला, तर ऐकणारे "हो ना, इंडस्ट्रीच तशी आहे" म्हणून चहा पीत बसले.

मी नटी आहे. चिंचपोकळीच्या चाळीत वाढले, अजून तिथेच राहते. चाळीत दोन मजले कोकणातल्या मराठ्यांचे, दोन आम्हा कोकणातल्याच बौद्धांचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले आणि तसेच गेले. आई महापालिकेच्या शाळेत आया होती. मी काळी आहे. सावळी नाही, काळी. मला सावळी म्हणणाऱ्यांना आपण माझ्यावर उपकार करतोय असं वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

जयंतीच्या कार्यक्रमात, गल्लीत बांधलेल्या स्टेजवर मी पहिल्यांदा उभी राहिले. मग कॉलेजच्या एकांकिका, मग कामगारांच्या नाट्यस्पर्धा. स्टेजवर मी राणी झाले, वकील झाले, वेडी म्हातारी झाले, एकदा माणूस कमी पडला म्हणून इन्स्पेक्टरही झाले. बक्षिसं मिळाली. राणी काळी कशी, असं परळच्या एकाही प्रेक्षकाने विचारलं नाही. ते फक्त कॅमेऱ्याला पडणारे प्रश्न.

मालिकांमध्ये मी आजवर किती घरांत भांडी घासली, याची गणती नाही. बंगला असतो, बंगल्यात जिना असतो, जिन्यावरून दागिने घालून बायका उतरत असतात आणि मी कोपऱ्यात फरशी पुसत असते. बहुतेक वेळा मला नावही नसतं, "अगं ए"वर भागतं. कामवाली, कामवालीची मैत्रीण, पाकीटमाराची बायको, सरकारी दवाखान्यात छाती पिटणारी बाई. कास्टिंगच्या ग्रुपवर मेसेज येतात ते सरळच असतात. लीडसाठी 'फेअर, क्लासी लुक', मोलकरणीसाठी 'डस्की, रिअल फेस'. म्हणजे गोरी असली की क्लास, काळी असली की वास्तव. एका ऑफिसात मी नाव आणि चिंचपोकळी एवढं सांगितलं, तर समोरच्या मुलीने पुढचं काही न विचारता मोलकरणीच्या रांगेकडे बोट दाखवलं. माझं आडनाव आणि माझा रंग यातलं नेमकं काय तिने पाहिलं, हे मला कळलं नाही. बहुतेक तिलाही वेगळं करून सांगता आलं नसतं.

आणि कधीतरी एखाद्या चॅनेलला सावळ्या सुनेची गोष्ट दाखवावीशी वाटते. तेव्हा तरी? छे. तेव्हा एक गोरीपान मुलगी आणतात आणि तिला रंगवतात. वर्षभर ती बिचारी रंगामुळे सासूची बोलणी खाते, महाराष्ट्र रडतो, आणि पुरस्काराच्या कार्यक्रमात ती रंग धुऊन आली की तोच महाराष्ट्र म्हणतो, अय्या, खरी किती गोरी आहे गं ही!

यातली गंमत तर पुढे आहे. इतक्या वर्षांत कुठल्याही सेटवर, कुठल्याही मेकअपच्या पेटीत माझ्या रंगाची डबी नव्हती. "तुमच्यासाठी जरा मिक्स करून घेऊ," म्हणायचे आणि होतं ते थापायचे. चेहरा राखाडी व्हायचा. चेहरा एका गावचा, मान दुसऱ्या गावची. मी म्हणायचे, दादा, एक डबी मागवा ना. ते म्हणायचे, "प्रॉडक्शन देत नाही हो, तुमच्या एका रोलसाठी." ते खरंच सांगत होते. मोलकरणीच्या तोंडासाठी कोण डबी मागवणार?

तर हा सिनेमा. कास्टिंगचा एक ओळखीचा मुलगा आहे, लालबागचाच. त्याचा फोन आला. "ऐक ना, तुझ्यासाठीच लिहिल्यासारखा रोल आलाय. लीड. गिरणी कामगाराची पोरगी, चाळीत राहते, वकिली शिकते, चाळ पाडायला बिल्डर येतो तेव्हा एकटी उभी राहते. आणि स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंय माहितीय? काळी. स्पष्ट लिहिलंय. टेप पाठव लगेच." मी त्याला दोनदा वाचून दाखवायला लावलं. लीड, आणि काळी. हे दोन शब्द एका ओळीत मी त्याआधी ऐकले नव्हते.

हल्ली ऑडिशन घरीच मोबाईलवर शूट करून पाठवायची असते. चाळीत ते किती कठीण, हे करणाऱ्यालाच माहीत. समोर करी रोडच्या बाजूला टॉवर चढतोय, त्याची धडधड सकाळपासून सुरू. म्हणून दुपारी, तिकडे कामगारांची जेवणाची सुट्टी झाली की, आमचा अख्खा मजला कामाला लागला. शेजारच्या काकींनी गॅस बंद करून कुकरची शिट्टी अडवली. पलीकडच्या काकांनी मॅच म्यूट केली. पोरांना खाली पिटाळलं. आई दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने गप्प करत होती. कोर्टातलं भाषण होतं. मी बोलले, आणि संपल्यावर म्यूट मॅचसमोरून काका ओरडले, "एक नंबर!" ते टेपमध्ये आलं, म्हणून सगळं परत करावं लागलं. परत सगळे गप्प. माझ्या एका रोलसाठी एवढी माणसं श्वास रोखून बसली होती.

मला बोलावणं आलं. दादरच्या एका हॉलमध्ये वाचन, मग तालमी. तीन आठवडे मी ती पोरगी होते. दिग्दर्शक चांगला शिकलेला माणूस, मराठी शुद्ध, आवाज मऊ. समतेवर बोलायला लागले की ऐकत राहावं. ते म्हणाले, "तू ती भूमिका करत नाहीस, तू तीच आहेस." मी घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आईला आयुष्यात टीव्हीवर माझी पाठ पुष्कळ दिसली होती, वाकलेली, फरशी पुसणारी. तिला एकदा समोरून, पडदाभर माझं तोंड बघायचं होतं. तेवढीच तिची हौस होती आणि माझीही.

मग कास्टिंगवाल्या मुलाने मला स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बोलावलं. फोनवर सांगितलं नाही, तेव्हाच मी समजले.

"वरून नाही आलंय," तो म्हणाला. "त्यांना फेस पाहिजे."

"रोल काळ्या मुलीचा आहे ना?"

"आहे ना. पण काळी म्हणजे..." त्याने मान खाली घातली. "तशी काळी नाय गं. पोस्टरवर चालली पाहिजे. कोणीतरी गोरी घेतील आणि टोन डाऊन करतील."

टोन डाऊन. माझा रंग म्हणजे गोऱ्या रंगाचा आवाज कमी केलेला. मला त्या क्षणी टेबल उलथावंसं वाटलं. तालमीत तीन आठवडे मी त्यांना चालले, वाचनात चालले, त्यांच्या लेखकाच्या डोळ्यांत पाणी आणेपर्यंत चालले. पोस्टरवर नाही चालले. मग तीन आठवडे मी काय करत होते? त्यांना सिनेमा समजावून देत होते, फुकट.

पुढे त्यांनी एक गोरी हिरोइन घेतली, आणि वर मला ऑफर काय, तर तिला चाळीची भाषा, चालढाल, बसणं-उठणं शिकवायचं. आईने ऐकलं आणि म्हणाली, "तोंडावर फेकून ये." मीही तेच म्हणणार होते. पण तो मुलगा पुन्हा म्हणाला, "जवळ राहा गं. तिच्या डेट्सचा घोळ चाललाय, सोडली तर तूच आहेस, सरांनी स्वतः सांगितलंय." आशा ही फार वाईट चीज आहे. मी हो म्हटलं.

ती पोरगी वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. उपनगरात वाढलेली, हुशार, मेहनती. मला ताई म्हणायची. मी तिला शिकवलं की आम्ही गॅलरीतून चालताना डावा खांदा आत घेतो, कारण समोरून कोणीतरी बादली घेऊन येतच असतं. हाक मारायची तर नाव आधी नाही, "ए" आधी. ती सगळं पटापट उचलायची. एकदा म्हणाली, "ताई, मला खरंच गिल्टी वाटतं हो." मी मनात म्हटलं, वाटू दे ना. वाटून रोल परत थोडाच करणार होती ती? तिच्या डेट्सचा घोळही आठवड्याभरात मिटला, पण मला कोणी सांगितलं नाही. मी आपली जवळ राहत होते.

शूटिंगसाठी त्यांना आमचीच चाळ आवडली. कमिटीने परवानगी दिली. मागच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून गॅलरीला स्वच्छ पिवळा रंग दिला होता. आर्टवाले आले आणि त्यांनी त्या भिंतीवर ओलीचे डाग काढले, काजळी फासली, पोपडे चिकटवले. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, घाण कशाला करताय? आम्ही असे राहत नाही," ती त्यांना म्हणाली. तो पोरगा हसून म्हणाला, "मावशी, पिक्चरमध्ये असंच दिसतं." कॉस्च्यूमवाल्या मुलीने माझ्याकडून माझे जुने पंजाबी ड्रेस मागून नेले, धुऊन विटलेलेच हवेत म्हणाली. भिंत त्यांची नव्हती, ड्रेस त्यांचे नव्हते, चाल त्यांची नव्हती. मग मेकअप रूममध्ये त्यांनी माझा हात मागितला. ती डबी खास मागवून आणली होती, परदेशातून. पंधरा वर्षं ज्या रंगाची डबी मिळत नाही म्हणून मला सांगत आले, तो रंग गोऱ्या पोरीला लावायचा म्हटल्यावर आठवड्यात विमानाने आला.

त्या दिवशीचा सीन साधा होता. संध्याकाळ, पोरगी गॅलरीच्या कठड्याला टेकून समोरच्या टॉवरकडे बघत उभी आहे. बस. हिरोइन पाठमोरी उभी. अंगात माझा निळा ड्रेस, पाठीवर माझ्यासारखी एकपेडी वेणी, डावा खांदा किंचित आत. मी मॉनिटरच्या मागे होते. मॉनिटरमध्ये बघताना मला स्वतःलाच विचित्र वाटत होतं. खोल्यांतल्या लोकांना दारं लावून बसायला सांगितलं होतं, पण आमच्या खोलीत आईने चहा टाकला होता, आणि चहा झाल्यावर आई कोणाचं ऐकत नाही.

दार उघडून ती कप घेऊन बाहेर आली. कॅमेरा चालू होता. तिने समोर पाठमोरी आकृती बघितली आणि सरळ जाऊन तिच्या मानेखाली चापट मारली. "गो, चाय थंड झाली मगे! कितींदा हाक मारू तुका?"

हिरोइन दचकून वळली. आई दोन पावलं मागे सरकली. कपातला चहा हिंदकळून तिच्या पायावर सांडला. मग तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तळवा तपकिरी झाला होता. आणि हिरोइनच्या मानेवर चार बोटांएवढी गोरी जागा उघडी पडली होती.

"कट!" दिग्दर्शक खुर्चीतून उठलेच. "अरे, काय कमाल! बघितलंत? सख्ख्या आईला ओळखू आलं नाही! याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं हवं?" त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मेकअपदादांनी मान लववून टाळ्या घेतल्या, मग स्पंज घेऊन ती गोरी जागा बुजवायला धावले. हिरोइन "आई, सॉरी हं," म्हणत होती, कशाबद्दल ते तिलाही कळत नव्हतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी आई फसली म्हणून ते खूष होते! वाढवलेली लेक तिला दुसऱ्याच कोणात दिसली, आणि ते यांचं यश. आई पदराने तळवा पुसत होती. रंग जात नव्हता, पदराला लागत होता. "माझ्या हाताक ह्या काय लागला?" ती पुटपुटली. मी पुढे होणार, तेवढ्यात दिग्दर्शक तिच्यापाशी पोचले.

"आजी, हे फार सुंदर झालं. आपण हे सिनेमात ठेवूया. परत कराल का? अगदी असंच, कप हातात घेऊन. फक्त मानेला हात नको, खाली ड्रेसवर मारा. आणि ते 'गो' म्हणालात ना, ते तसंच हवं."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "कोणाला हाक मारायची?" ती परक्यांशी बोलते तसं नीट मराठीत म्हणाली.

"हिला." त्यांनी हिरोइनकडे हात केला. "असं समजा, ही तुमची मुलगी."

आईने कप खिडकीत ठेवला. वायरी ओलांडत, दोन लाइटवाल्यांना बाजूला सारत ती मॉनिटरच्या मागे आली आणि तिने माझं कोपर धरलं. मी लहानपणी शाळेत जायला नाही म्हणायचे तेव्हा धरायची, तसं घट्ट. ओढत मला कठड्यापाशी नेलं आणि हिरोइनच्या शेजारी, तोंड कॅमेऱ्याकडे करून उभं केलं. आता तिचं मराठी नीट राहिलं नव्हतं, गावची बोली आली होती.

"ह्या माझा चेडू," ती म्हणाली. "कॅमेरो हयसर फिरव, मगे हाक मारतंय."

दिग्दर्शक हसले. आणखी कोणी हसलं नाही. खालच्या मजल्यावरची माणसं, ज्यांना गर्दी म्हणून उभं केलं होतं, ती मान वर करून बघत होती. शेजारच्या काकी दाराच्या फटीतून बाहेर आल्या. कॅमेरा हिरोइनवर रोखलेला होता, आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर. कॅमेरामनने नुसतं हँडल ढकललं असतं तरी मी फ्रेममध्ये आले असते. त्याने दिग्दर्शकांकडे पाहिलं. मला भाषण पाठ होतं, कोर्टातलं, सगळंच्या सगळं. मी लेन्समध्ये बघत उभी राहिले.

"ताई, प्लीज," दिग्दर्शक त्याच मऊ आवाजात म्हणाले, "आजींना आत घेऊन जा. संध्याकाळचा लाइट चाललाय."

"मग फिरवा ना लवकर," मी म्हणाले.

"हा इमोशनल विषय आहे, मला समजतं. पण पॅकअपनंतर बोलू."

"पॅकअपनंतर कॅमेरा नसतो, सर."

मी आणि आई हललो नाही. तिने माझं कोपर सोडलं नाही. मग दिग्दर्शकांनी असिस्टंटच्या कानात काहीतरी सांगितलं. चार माणसं आली, स्टँडवरून कॅमेरा उतरवला, लाइट काढले, वायरी गुंडाळल्या, ट्रॅकचे रूळ सुटे केले, आणि सगळं खांद्यावर घेऊन जिना उतरून, चौक ओलांडून समोरच्या बाजूच्या गॅलरीत चढवलं. हिरोइन त्यांच्यामागून गेली. त्यात संध्याकाळचा उरलासुरला उजेडही गेला, तरी ते नेत होते.

आई कठड्याला टेकून शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत बघत राहिली.

"एवढो जड कॅमेरो उचलून थयसर नेलो," ती म्हणाली, "पण फिरवूक काय जमला नाय."